बोल्हाईचे की बोकडाचे? मांसातला प्राणी डीएनएवरून ओळखण्याच्या प्रकल्प नोंदी

कॉलेजच्या लहान प्रयोगशाळेत हेच काम करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत. हाताशी एक साधा थर्मल सायकलर (पीसीआरचे, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा लाखोपटींनी वाढवण्याचे यंत्र), मायक्रोसेंट्रिफ्यूज, जेलची पेटी आणि उणे २० चा फ्रीझर. रिअल-टाइम पीसीआरचे (दर फेरीला वाढ मोजणारे) मशीन शेजारच्या विभागाचे, मागून घ्यावे लागणारे.

प्रश्न पुण्यातला आहे. बोल्हाई देवीला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकड चालत नाही, मेंढीच लागते. म्हणून दुकानावर ‘बोल्हाईचे मटण मिळेल’ अशी वेगळी पाटी असते. खिमा केला, वर मसाला पडला, की दोन्हींतला फरक डोळ्यांनी सांगता येत नाही. त्याच्या जोडीला चिकन सॉसेज, सीख कबाब आणि गोव्याचे चोरीस (डुकराच्या मांसाचे व्हिनेगर घातलेले सॉसेज) घेतले.

९ जून : संदर्भ नमुने

आधी खात्रीचे नमुने, मग दुकानातले. बोकड आणि मेंढीचे मांस शेपूट लागलेल्या मागच्या फऱ्यातून घेतले. शेळीची शेपूट आखूड आणि वर वळलेली, मेंढीची लोंबती. त्यामुळे ओळख पक्की राहते. सुटे तुकडे संदर्भ म्हणून घेऊ नयेत, खाटकाने कितीही खात्री दिली तरी.

गायीसाठी मांस लागतच नाही. पशुवैद्यकाने तपासणीसाठी काढलेल्या, ईडीटीएच्या नळीतल्या रक्तातले २०० मायक्रोलिटर पुरतात. म्हशीचेही तसेच. कोंबडीचे रक्त मात्र २०० मायक्रोलिटर घेऊ नका. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, त्यामुळे लायसिस बफर पडताच नळीत जेलीसारखा गोळा होतो आणि पिपेटमध्ये चढत नाही. ५ ते १० मायक्रोलिटर भरपूर.

प्रत्येक संदर्भ नमुना मिळाल्या दिवशीच २५-२५ मिलिग्रॅमच्या नळ्यांत वाटून फ्रीझरमध्ये. एकच मोठा तुकडा पुन्हापुन्हा वितळवून त्यातून कापत बसू नये.

१२ जून : नमुना बारीक करणे

मिक्सरच्या भांड्याने घोळ झाला. बोकडाच्या खिम्यानंतर भांडे साबणाने धुतले, १० टक्के ब्लीचमध्ये (घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग) दहा मिनिटे ठेवले, धुऊन नुसते पाणी फिरवले आणि त्या पाण्याचा पीसीआर केला. बोकडाचा बँड (जेलवर दिसणारी त्या प्राण्याच्या डीएनएची रेघ) आला. पाते खोलल्यावर कारण दिसले : पात्याखालच्या रबरी वायसरच्या आतल्या कडेला राखाडी चिकट थर साचला होता. ब्लीच तिथपर्यंत पोचतच नाही. वायसर दर वेळी काढून धुणे शक्य आहे, पण कोणी ना कोणी ते विसरणारच.

आता मिक्सर बंद. नमुना दुहेरी झिप पिशवीत घालून फ्रीझरमध्ये कडक करायचा, पिशवीवरूनच हातोडीने ठेचायचा आणि पिशवी फेकून द्यायची. २०० ग्रॅम खिम्यातून पाच-सहा ठिकाणचे चिमूटभर घेऊन एकत्र करायचे, त्यातले २५ मिलिग्रॅम वापरायचे. एकाच कोपऱ्यातून घेतले तर थोडी मिसळ हुकते.

अखंड तुकडा असेल तर पृष्ठभाग वापरूच नये. एका ब्लेडने वरचा अर्धा सेंटिमीटर कापून टाकायचा, ब्लेड बदलायचे आणि आतून घ्यायचे. ओंडका आणि सत्तूर दोन्ही मटणांना एकच असतो. वर लागलेले दुसऱ्या प्राण्याचे रक्त म्हणजे भेसळ नव्हे.

१६ जून : डीएनए काढणे

कॉलमचे किट सोयीचे, पण एका नमुन्याला दोन-अडीचशे रुपये पडतात. कच्च्या मांसासाठी मिठाने प्रथिने बसवण्याची जुनी पद्धत चालते :

२५ मिलिग्रॅम मांस, ५०० मायक्रोलिटर लायसिस बफर (ट्रिस १० मिलिमोलर पीएच ८, ईडीटीए, मीठ, एसडीएस १ टक्का), प्रोटिनेज के २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे २० मायक्रोलिटर. ५६ अंशांवर रात्रभर. अधूनमधून हलवता आले तर तीन-चार तासही पुरतात. तुकडा दिसेनासा होईपर्यंत पुढे जाऊ नये. मग ६ मोलर मिठाचे पाणी १७० मायक्रोलिटर, जोरात हलवून १२,००० आरपीएमवर दहा मिनिटे. वरचे पाणी नव्या नळीत, तेवढेच गार आयसोप्रोपॅनॉल, पुन्हा फिरवणे, ७० टक्के अल्कोहोलने धुणे, सुकवणे, १०० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये विरघळवणे.

अडचण चरबीची. फिरवल्यावर ती वर तरंगते आणि पाणी उचलताना टिपेत येते. मिठाच्या पाण्यानंतर नळी दहा मिनिटे बर्फात ठेवली की चरबीचा पापुद्रा घट्ट होतो; टिप त्याच्या कडेने खाली घालून पाणी ओढता येते. गोळी जास्त सुकवू नका. पांढरी खरखरीत झाली की विरघळायला तास लागतो.

प्रत्येक फेरीत एक नळी मांसाशिवाय चालवायची, सगळी रसायने तीच. हा काढणीचा कोरा कंट्रोल. पीसीआरमधला पाण्याचा कंट्रोल वेगळा. दोन्ही लागतात, कारण बिघाड कुठल्या टप्प्यावर झाला ते त्यांच्यातल्या फरकावरूनच कळते.

१९ जून : मसाल्याचे नमुने

सीख कबाब आणि मसाला खिम्याचा अर्क पिवळसर. प्रकाशशोषणाचे २६०/२८० गुणोत्तर (प्रथिनांची भेसळ दाखवणारे) १.८ च्या आसपास, म्हणजे वरवर ठीक; २६०/२३० (इतर रसायनांची भेसळ दाखवणारे) मात्र १ च्याही खाली. पीसीआर कोरा. तोच अर्क दहापट पातळ केल्यावर बँड आला. म्हणजे डीएनए होता, हळद-मिरचीतले काहीतरी पीसीआरच्या एन्झाइमला अडवत होते.

तेव्हापासून मसालेदार नमुन्याची प्रत्येक नळी जशीच्या तशी आणि दहापट पातळ, अशी दोनदा लावतो. खर्च दुप्पट, पण खोटा ‘नाही’ टळतो. मसाल्यासाठी सीटॅब (एक डिटर्जंट) बफर आणि क्लोरोफॉर्मची धुलाई मिठाच्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. क्लोरोफॉर्म फक्त धुराड्याखाली (फ्यूम हूडमध्ये).

डीएनए चालण्याजोगा आहे का हे तपासायला आधी केंद्रक असलेल्या सर्व सजीवांत चालणारा १८एस जनुकाचा प्राइमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारा डीएनएचा छोटा धागा) वापरत होतो. तो काढून टाकला. धणे, मिरची, कांदा यांचा डीएनएही त्यावर वाढतो. मांसाचा डीएनए पार नासलेला असला तरी बँड ठसठशीत. त्याऐवजी फक्त कणा असलेल्या प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या १६एसवर बसणारा, लहान तुकडा देणारा प्राइमर घेतला.

२४ जून : मल्टिप्लेक्स

मल्टिप्लेक्स म्हणजे एकाच नळीत अनेक प्राण्यांचे प्राइमर. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेली सायटोक्रोम बी जनुकावरची मांडणी निवडली. पुढचा प्राइमर सगळ्यांना एकच, मागचा प्रत्येक प्राण्याचा वेगळा. तुकड्यांच्या लांब्या : शेळी १५७, कोंबडी २२७, गाय २७४, मेंढी ३३१, डुक्कर ३९८, घोडा ४३९ बेसजोड्या. घोडा गाळला, इथे त्याचा प्रश्न नाही आणि एक प्राइमर कमी तेवढी गुंतागुंत कमी.

२५ मायक्रोलिटरची प्रतिक्रिया, मॅग्नेशियम १.५ मिलिमोलर, डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) प्रत्येकी २०० मायक्रोमोलर, हॉट-स्टार्ट टॅक (डीएनए वाढवणारे एन्झाइम) १ युनिट, डीएनए २० ते ५० नॅनोग्रॅम. ९४ अंश ५ मिनिटे. ९४, ६० आणि ७२ अंशांवर प्रत्येकी ३० सेकंद, अशा ३५ फेऱ्या. शेवटी ७२ वर ५ मिनिटे. जेल अडीच टक्के. दीड टक्क्याच्या जेलवर २२७ आणि २७४ एकमेकांना चिकटतात आणि मग वाद सुरू होतात.

सगळे मागचे प्राइमर सारखे टाकले की बोकडाचा १५७ दणदणीत येतो आणि मेंढीचा ३३१ जेमतेम. लहान तुकडा वेगाने वाढतो आणि माल खाऊन टाकतो. बोल्हाईच्या मटणात तर नेमके उलटे हवे. शेळीचा मागचा प्राइमर ०.४ वरून ०.०८ मायक्रोमोलरवर आणला, मेंढीचा ०.४ वरच ठेवला. निम्मे-निम्मे मिश्रण दोन्ही बँड साधारण सारख्या उजेडाचे देईपर्यंत हे जुळवत राहावे लागते, आणि टॅकची कंपनी बदलली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे एन्झाइम सहा महिन्यांचे एकदमच मागवावे.

४ जुलै : गाय आणि म्हैस

त्या जपानी संचात म्हैस नाही. आपल्याकडे तिच्याशिवाय चालत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, म्हशीला नाही. या कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे जेलवरचा चुकीचा बँड इथे केवळ चुकीचा बँड राहत नाही. म्हणून प्रकल्पात पहिल्या दिवसापासून नियम : बाहेरच्या कोणाच्या नमुन्यावर लेखी निष्कर्ष द्यायचा नाही. ते काम मुद्देमालाची साखळी सांभाळणाऱ्या अधिकृत प्रयोगशाळेचे.

एन्झाइमने कापून ओळखण्याचा मार्गही आहे. भारतीय संशोधकांनी २००५ मध्ये १२एस जनुकाचा ४५६ बेसजोड्यांचा तुकडा चार एन्झाइमांनी कापून गाय, म्हैस, शेळी, मेंढी वेगळ्या केल्या. एकाच प्राण्याच्या मांसाला उत्तम. मिश्रणात मात्र कापलेल्या तुकड्यांची भेसळ होते आणि ‘अर्धवट कापले गेले की दोन प्राणी आहेत’ हे कळत नाही. एन्झाइमही महाग. सोडून दिले.

म्हशीचा प्राइमर स्वतः आखला. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचे डी-लूप (मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा एक भाग) क्रम एनसीबीआयवरून (जनुकक्रमांचा खुला संग्रह) उतरवून एकाखाली एक मांडले. प्राइमरचे शेवटचे, म्हणजे ३' टोकाचे दोन-तीन बेस फक्त म्हशीत जुळतील असे निवडायचे. फरक प्राइमरच्या मध्यावर असेल तर उपयोग नाही, एन्झाइम तिथून सरळ पुढे जाते. गायीचे क्रम घेताना परदेशी आणि देशी दोन्ही वंशावळी घ्याव्यात. म्हशीतही आपल्याकडची नदी म्हैस आणि ईशान्येकडची दलदली म्हैस दोन्ही तपासाव्यात.

म्हशीचा प्राइमर मल्टिप्लेक्समध्ये न घालता वेगळ्या नळीत चालवतो. अ‍ॅनिलिंग (प्राइमर चिकटण्याचे तापमान) ६० वर गायीच्या डीएनएवर पुसट रेघ आली. ६४ वर गेली. डीएनए ५० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त टाकला की ६४ वरही येते. ‘माझा प्राइमर फक्त म्हशीला लागतो’ हे वाक्य डीएनएच्या मात्रेशिवाय अपुरे आहे.

हेही ध्यानात असू द्या : मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतो. जर्सी संकर की गावठी, बैल की गाय, हे या चाचणीतून निघत नाही.

११ जुलै : चोरीस

गोव्याहून आणलेले, खात्रीचे डुकराचे चोरीस. डुकराचा ३९८ आला नाही. दहापट पातळ करूनही नाही.

पहिले कारण व्हिनेगर. लायसिसच्या नळीत पीएचची पट्टी बुडवली तर ५ च्या खाली. १० मिलिमोलर ट्रिसचा बफर एवढ्या आंबटपणापुढे टिकत नाही आणि प्रोटिनेज के ८ च्या आसपास नीट चालते. सकाळी तुकडे जसेच्या तसे होते, त्याचे कारण हेच. आता चोरीसचे तुकडे आधी १०० मिलिमोलर ट्रिसने (पीएच ८) दोनदा धुतो, मग बफर घालतो आणि पुन्हा पट्टी बघतो. रात्रीत मांस विरघळले.

तरीही ३९८ पुसटच. अर्क जेलवर पळवला तर वर घट्ट पट्टा नाही. ३०० च्या खाली नुसता धूर. आंबट, खारट, धुरावलेले आणि वाळवलेले मांस. आम्लात डीएनएची साखळी ठिकठिकाणी तुटते. ३९८ लांबीचे सलग तुकडे उरलेच नव्हते.

या मल्टिप्लेक्सची खरी खोड इथे कळते. शेळीचा तुकडा १५७, डुकराचा ३९८. मांस शिजले, डब्यात १२१ अंशांवर गेले किंवा आंबवले, की लांब तुकडे आधी मरतात. शेळी आणि डुक्कर निम्मे-निम्मे असलेले डबाबंद मांस या जेलवर निव्वळ बोकड दिसू शकते. कच्च्या मांसावर पद्धत तपासून शिजलेल्यावर वापरणे म्हणूनच धोक्याचे.

शिजलेल्या, आंबवलेल्या, डबाबंद नमुन्यांसाठी सगळे प्राइमर १५० च्या आत, शक्यतो ८० ते १२० चे, नव्याने आखले आणि प्रत्येक प्राणी वेगळ्या नळीत. लांबीवरून ओळख संपली, नळीवरून ओळख सुरू. ३ टक्क्यांचे जेल लागते आणि प्राइमर-डायमरची (प्राइमर एकमेकांना चिकटून झालेल्या तुकड्याची) ४०-५० ची रेघ खऱ्या बँडच्या जवळ येते. तेव्हा लॅडर (तुकड्यांची लांबी मोजायची पट्टी) ५० चा घ्यावा. चोरीसमध्ये डुक्कर स्वच्छ आला.

१८ जुलै : पाण्यात गाय

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर.

पाण्याच्या कंट्रोलमध्ये २७४ चा बँड. फिका, पण प्रत्येक जेलवर. नमुन्यांमध्येही, अगदी निखळ कोंबडीतही. काढणीचा कोरा कंट्रोलही तसाच. संशय पाणी, पिपेट, टेबल असा क्रमाने फिरला. पाणी नवे, टिपा फिल्टरच्या, पिपेट ब्लीचने पुसले, मास्टरमिक्स (पीसीआरच्या घटकांचे एकत्र मिश्रण) दुसऱ्या खोलीत केला. बँड तिथेच. इतर कुठलाही प्राणी नाही, फक्त गाय. टेबलावरून प्रदूषण होत असते तर रोज हाताळला जाणारा बोकड आधी दिसायला हवा होता. खूण तिथेच होती, पण आठवडा साफसफाईत गेला.

मग एकेक घटक वगळून नळ्या लावल्या. बीएसए वगळलेल्या नळीत बँड नाही.

मसाल्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून जूनअखेरीपासून मास्टरमिक्समध्ये बीएसए घालत होतो. बीएसए म्हणजे गुरांच्या रक्तातले अल्ब्युमिन. प्रथिन शुद्ध असले तरी त्यासोबत गुरांचा डीएनए अंशाने येतो, आणि मायटोकॉन्ड्रियावरचा पीसीआर इतका तीक्ष्ण की तो अंशही पुरतो. इतर कामांत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. गाय शोधणाऱ्या चाचणीत तेच विष.

काही जण बीएसएऐवजी साय काढलेल्या दुधाची भुकटी सुचवतात. तीही गुरांचीच. काही जुन्या पीसीआर बफरमध्ये जिलेटिन असते, तेही गाय किंवा डुकराचे. बफरच्या बाटलीवरचे घटक वाचावेत. आता बीएसए बंद, पातळ करणे आणि कॉलमची एक धुलाई एवढ्यावर भागते. बीएसए हवेच असेल तर जनुकीय पद्धतीने बनवलेले, प्राणीजन्य नसलेले घ्यावे, महाग आहे.

जूनअखेरीपासूनचे गायीचे सगळे निकाल रद्द करून पुन्हा केले.

२५ जुलै : खरा बँड, चुकीचा अर्थ

बीएसए गेल्यावरही एका चिकन सीख कबाबात गाय आणि म्हैस दोन्ही. कोरे कंट्रोल स्वच्छ. मुरवणात दही होते. दुधात जनावराच्या पेशी असतात, दही लावले तरी त्यांचा डीएनए शिल्लक राहतो, आणि आपले बाजारातले दूध बऱ्याचदा गाय-म्हैस मिश्रच.

पडताळा घेतला. घरचे निखळ चिकन तीन भागांत : एक कोरे, एकाला दही लावून रात्रभर, एकाला पनीरचा चुरा. दही आणि पनीरवाल्या दोन्हींत गाय, कोऱ्यात नाही. लोणी-तुपाची हीच तपासणी बाकी आहे.

याच जातीच्या आणखी गोष्टी. अंडे बांधणीला घातले तर मटण कबाबात कोंबडी दिसते. सॉसेजचे आवरण मेंढीच्या किंवा डुकराच्या आतड्याचे असते, किंवा गुरांच्या कातडीतल्या कोलॅजनचे. चिकन सॉसेजमध्ये मेंढी दिसली ती आवरण सोलल्यावर गेली. म्हणून आता आवरण आणि आतला गर नेहमी वेगवेगळे तपासतो, आणि पाकिटावरचे घटक नमुन्याच्या नोंदवहीत आधी उतरवतो. दुग्धजन्य पदार्थ असलेल्या नमुन्यावर गाय-म्हैस या चाचणीचा निकाल ‘सापडला’ आला तर त्यावरून मांसाबद्दल काहीच ठरवता येत नाही. ‘नाही’ आला तरच उपयोगी.

५ ऑगस्ट : किती बारीक दिसते

बोकड मेंढीत मिसळून १०, ५, १, ०.५ आणि ०.१ टक्क्यांची मिश्रणे केली. ०.१ टक्का थेट तोलू नये. १ ग्रॅम ९९ ग्रॅममध्ये, मग त्यातले १० ग्रॅम ९० ग्रॅममध्ये. कच्चे ठेचून मिसळायचे, मगच अर्धा भाग शिजवायचा. डीएनएचे अर्क मिसळून केलेली मिश्रणे फसवी असतात, कारण काढणीतली सगळी तूट त्यात झाकली जाते.

लहान प्राइमरांनी ३५ फेऱ्यांत ०.१ टक्का दिसतो. हीच अडचण. खिमा यंत्रातून आधी बोकड गेला आणि नंतर मेंढी, तर एवढे सहज उतरते. ‘दिसला’ म्हणजे ‘घातला’ नव्हे.

याचे मोठे उदाहरण युरोपातले. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बीफ बर्गरचे २७ नमुने जाहीर केले : १० मध्ये घोडा, २३ मध्ये डुक्कर. पण एका बर्गरमध्ये मांसाच्या तुलनेत घोडा २९ टक्के होता, बाकीच्यांत नाममात्र. त्यानंतर ब्रिटनमध्ये १ टक्क्याची रेघ धरली गेली. आमच्या जेलवर १ टक्क्याचे मिश्रण आता प्रत्येक वेळी सोबत पळवतो. नमुन्याचा बँड त्याहून फिका असेल तर ‘अंश’ एवढेच लिहितो.

१४ ऑगस्ट : रिअल-टाइम

मानक रेषेचा (दहा-दहापट पातळ केलेल्या माहीत मात्रा आणि सिग्नल उमटलेली फेरी, म्हणजे सीटी, यांचा आलेख) उतार −३.३२ म्हणजे शंभर टक्के कार्यक्षमता; −३.१ ते −३.६ मध्ये आले तर घ्यायचे. आमचा −३.४. इथवर छान. त्यापुढे टक्केवारी काढू गेलो तर शिजवलेल्या १० टक्क्यांच्या मिश्रणाचे उत्तर कच्च्याच्या रेषेवर पार कोसळले. तुलना करायची तर रेषा त्याच प्रकारच्या, तेवढ्याच शिजलेल्या मिश्रणांची हवी.

दुसरा पेच ऊतींचा. हृदयात आणि कलेजीत मायटोकॉन्ड्रिया स्नायूपेक्षा खूप जास्त, चरबीत कमी. थोडी कलेजी घातलेला खिमा जास्त भेसळीचा वाटेल आणि चरबी घातलेला कमी. म्हणून आकडा न लिहिता ‘१ टक्क्याच्या वर’ किंवा ‘खाली’ एवढेच लिहितो, आणि ३६ च्या पुढचा सीटी आला तर नमुना पुन्हा काढतो.

पावसाळ्यात रन चालू असताना वीज गेली तर यूपीएस नसलेल्या सायकलरमधल्या नळ्या टाकून द्याव्यात. मध्येच थांबलेले पुढे चालवून आलेला फिका बँड कोणत्याच बाजूचा पुरावा नाही.

२२ ऑगस्ट : क्रम वाचून खात्री

सायटोक्रोम बीचा सर्वसाधारण प्राइमर लावून बाहेर सेंगर पद्धतीने वाचायला पाठवले. एका प्रतिक्रियेला चारशेच्या आसपास. एका प्राण्याच्या मांसाला हा सर्वांत भक्कम पुरावा. मिश्रण असेल तर आलेखावर एका जागी दोन-दोन शिखरे चढतात आणि संगणक त्यातले उंच ते उचलून एकच नाव देतो. म्हणून आधी आलेख डोळ्यांनी बघावा, नाव नंतर. मिश्रणात हव्या त्या प्राण्याच्या प्राइमरचा बँड जेलमधून कापून, शुद्ध करून तोच पाठवावा.

‘बोल्हाई’ म्हणून घेतलेल्या एका खिम्यात शेळीचा बँड १ टक्क्याच्या मिश्रणाहून कितीतरी उजळ होता. कापून पाठवला, क्रम शेळीचाच आला. त्याच दुकानातून घेतलेला अखंड तुकडा आतून तपासला तर निव्वळ मेंढी.

३० ऑगस्ट : खर्च आणि पुढची मागणी

मिठाच्या पद्धतीने काढलेल्या कच्च्या नमुन्याला, सगळे कंट्रोल धरून, साधारण दीडशे रुपये. मसालेदार किंवा आंबवलेल्याला सीटॅब, कॉलमची धुलाई आणि दुहेरी पीसीआर मिळून चारशेच्या घरात. बीएसएच्या घोळात वाया गेलेले एन्झाइम यात धरलेले नाही. क्रमवाचन वेगळे.

प्राइमर शंभर मायक्रोमोलरचे मूळ द्रावण ठेवून १० मायक्रोमोलरच्या लहान वाटण्या कराव्यात. एकच नळी रोज वितळवली की दोन महिन्यांत मेंढीचा बँड फिका पडतो आणि दोष मटणाला दिला जातो. पुढच्या मागणीत : ५० चा लॅडर, फिल्टर टिपांची दोन खोकी, कोंबडी आणि म्हशीचे १५० च्या आतले प्राइमर, आणि जिलेटिन नसल्याचे लेखी कळवणाऱ्या विक्रेत्याकडून टॅकचा बफर.